खांद्यात काहीतरी वाजलं

ताई,

मी फिजिओबाईंकडे निघालोय. किल्ली शेजारी दिलीय. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

काल व्यायाम देताना तू माझा हात वर नेलास, तेव्हा ऑपरेशनच्या खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. हात कानापर्यंत गेला म्हणून तू इतकी खूश झालीस, की मी गप्प बसलो. आज त्या हाताने कपसुद्धा उचलवत नाही. आतली शिवण उसवली असेल, असं सारखं वाटतंय. शिडीवर चढून भिंती रंगवणं मला परत जमेल ना?

तू स्वतःला बोल लावू नकोस. बाईंनी हलक्या हाताने करायला सांगितलं होतं, पण 'अजून थोडं' मीच म्हणत होतो.

एकटाच जाऊन येणार होतो, पण चपला घालताना धीर सुटला. वाचलंस की तिथेच ये. तू आल्याशिवाय मी कुणालाही खांद्याला हात लावू देणार नाही.

— धाकटा