समुद्राने परत दिलेली पिशवी

नाशिक,
रविवार, ११ जानेवारी

प्रिय वहिनी,

आधी माफी मागतो. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचं म्हणतोय आणि रोज वहीत दुसरंच काहीतरी लिहून उठतोय. कंपनीतली कटकट, गळकी टाकी, तुमच्या तनूची परीक्षा. तुमचं नाव आलं की पेन थांबायचं. आज मात्र थांबून चालणार नाही. पुढच्या रविवारी अमावास्या आहे आणि दादाने ठरवलंय, तुमच्या उरलेल्या अस्थी त्या दिवशी रामकुंडात सोडायच्या.

तुमची इच्छा काय होती, ते त्यालाही माहीत आहे. दवाखान्यात उशीला टेकून बसला होतात आणि आम्हा दोघा भावांना शेजारी बसवून म्हणाला होतात, "निम्म्या गंगेत सोडा, निम्म्या माझ्या समुद्रात. सगळ्या गंगेत नका सोडू हं भाऊजी, ती मला भलतीकडेच घेऊन जाईल!" त्या अवस्थेतही तुम्ही हसला होतात. मला हसावं की नाही ते कळेना.

गोदावरीवरचा, आमच्या या गंगेवरचा, तुमचा हा राग जुनाच. लग्न होऊन आलात तेव्हापासूनचा. "समुद्र इतका जवळ, आणि ही बाई त्याच्याकडे पाठ करून सगळा देश हिंडून पलीकडे जाते. हिला काय म्हणावं?" आई चिडायची. गंगेला नावं ठेवलेली तिला खपायची नाहीत. शिवाय घरात सुके बोंबील आले की ती नाकाला पदर लावून अंगणात जाऊन बसायची, ते वेगळंच!

डहाणूकडे तुमच्या माहेरी जाताना त्र्यंबक मागे पडलं, घाट सुरू झाला की तुम्ही काच खाली करायचात. "आता इथून पुढचं पाणी माझ्या माहेरी जातं." दरवेळी हेच वाक्य. तनू लहानपणी तुमची नक्कल करायची. मला तेव्हा त्यात फक्त माहेरची ओढ दिसायची. आता वाटतं, त्या पाण्यातून आणखी काय काय तुमच्या माहेरी जात असेल?

निम्म्या अस्थी आम्ही रिवाजाप्रमाणे रामकुंडात सोडल्या. उरलेल्यांसाठी पावसाळा संपायची वाट पाहिली, कारण खवळलेल्या समुद्रात कोण नेणार? तोवर त्या अमरधाम स्मशानातल्या कपाटात होत्या. गेल्या महिन्यात दादा, तनू आणि मी त्या घेऊन तुमच्या गावी गेलो.

आणि तिथे जे झालं, ते तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं ना?

वाटेत ओल लागू नये म्हणून दादाने अस्थींचं लाल गाठोडं एका कॅरीबॅगमध्ये ठेवलं होतं. हार, उदबत्ती, फुलंही त्यातच. वर पक्की गाठ. तुम्हाला त्याच्या गाठी माहीत आहेत, एकदा बांधली की कात्रीच लागते. किनाऱ्यावर पोचलो, हात जोडले. तुमचा भाऊ दत्तू अजून आला नव्हता. दादा गुडघाभर पाण्यात गेला, डोळे मिटले आणि पिशवी जशीच्या तशी लांब भिरकावली.

वहिनी, त्याला दोष देऊ नका. आम्ही नदीकाठची माणसं. निर्माल्याची पिशवी पुलावरून टाकायची, पुढे कधी मागे वळून बघायचं नाही, हीच सवय हाताला. पुलाला जाळ्या लावल्या तर लोक जाळीच्या वरून टाकतात. नदी घेऊन जाते. कुठे घेऊन जाते, हे कोण विचारतं?

समुद्र घेऊन गेला नाही. पिशवी हेलकावे खात परत आली आणि दादाच्या पायाशी थांबली. त्याने उचलून पुन्हा टाकली, आणखी जोरात. पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती जरा बाजूला गेली आणि चपला, बाटल्या, दोरीचे तुकडे, थर्माकोल यांच्या त्या लांबलचक ओळीत जाऊन बसली. आम्ही तिघं ती शोधत फिरलो. तुम्हाला शोधत फिरलो, वहिनी! सगळ्या पिशव्या सारख्याच दिसत होत्या. दादा एकेक उचलून बघत होता आणि तोंडाने नुसतं "ही नाही, ही नाही" म्हणत होता.

तनूने ओळखली, गाठीवरून.

तेवढ्यात दत्तू आला, भिजलेला, हाताला रक्त. "अहो पाव्हणे, भरतीला कोणी काही सोडतं का? घाटावरची माणसं तुम्ही, राहणार ती राहणारच!" नेहमीसारखी थट्टा करत आला. मग दादाचा चेहरा बघितला आणि पिशवी हातात घेतली. त्यानेच सुरीने गाठ कापली. आतलं लाल फडकं कोरडं होतं. एक थेंब आत गेला नव्हता. तुमच्या समुद्रात तुम्हाला तीन वेळा टाकलं, आणि समुद्र तुम्हाला शिवलाही नाही.

दत्तूच्या हाताचं रक्त आधी मला त्याचं वाटलं. ते कासवाचं होतं. खाडीच्या तोंडाशी नायलॉनच्या जाळ्यात गुरफटलेलं कासव वाहून आलं होतं आणि तो जाळं कापत बसला होता, म्हणून उशीर. आम्ही बघायला गेलो. पुढच्या एका पायाला दोरी इतकी रुतली होती की पाय जवळजवळ तुटलेला. ते जिवंत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दत्तू म्हणाला, रडत नाहीये, अंगातलं मीठ बाहेर टाकतंय. मला माहिती मिळाली, पण बरं काही वाटलं नाही.

"ही जाळी येतात कुठून?" तनूने विचारलं.

"कुठून म्हणजे? आमचीच. खडकाला अडकलं, फाटलं की कापून सोडतो पाण्यात. पाण्यातलं पाण्यात गेलं, असं वाटतं. पण ते मासे मारत राहतं ना, धनी नसताना!" मग दादाच्या हातातल्या पिशवीकडे बघून हळूच म्हणाला, "आणि असली पिशवी पाण्यात फुगली की जेलीफिशसारखी दिसते. कासव गिळतं. मग त्याला भूकच लागत नाही."

दादाने पिशवी खिशात कोंबली. गाठोडं छातीशी धरलं आणि म्हणाला, "इथे नाही सोडणार तिला. चला."

परत येताना घाटात कोणी काच खाली केली नाही.

अस्थी घरात आणायच्या नसतात, म्हणून तेव्हापासून तुम्ही अंगणातल्या पेरूच्या फांदीला टांगलेल्या आहात. दादा रोज सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून चहा पितो. तुम्हाला हे आवडेल का? मला वाटतं, तुम्ही म्हणाल, "अहो, मला पेरूही आवडत नाही!"

माझं मात्र कशात लक्ष लागत नाही. सकाळी घंटागाडी येते, मी ओला-सुका नीट वेगळा करून टाकतो आणि हात झटकतो. पूर्वी बरं वाटायचं. आता गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो. त्यातलं किती कुठल्या ओढ्यात उतरेल? कुठल्या खाडीला लागेल? हे खरंच समुद्राचं दुःख आहे, की तुमचं दुःख सहन होत नाही म्हणून मी त्याला समुद्राचं नाव देतोय?

तुम्हाला हे सगळं आमच्या आधी कळलं होतं ना? तो रावस आठवतो. द्वारका चौकातून येताना मी मोठ्या हौसेने घेऊन आलो होतो. तुम्ही तो कापायला घेतला आणि मला हाक मारलीत. पोटात निळ्या प्लॅस्टिकचा तुकडा होता, कुठल्यातरी झाकणाचा. "बघा भाऊजी, आपण याला खातो आणि हा आपला कचरा खातो." तुम्ही तो तुकडा धुतलात आणि ओट्यावर ठेवलात. मासा आम्हाला करून वाढलात. आम्ही बोटं चाटत जेवलो. तुम्ही म्हणालात, माझा उपास आहे. वहिनी, त्या दिवशी चतुर्थी नव्हती की काही नव्हतं! एवढं तरी बोलायचं होतंत आमच्यापाशी. घरात बोलायला माणसं कमी होती का?

आज सकाळी मी दादापाशी विषय काढला. तो पेरूखालीच बसला होता. तनूही होती.

"त्या घाणीत सोडू तिला? तू बघितलंस ना?"

"आणि रामकुंडात काय गुलाबपाणी आहे?"

"ते आपलं आहे. जाता-येता दिसतं तरी."

तेव्हा मला कळलं. घाणीचं कारण खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. त्याला तुम्ही जवळ हव्या आहात. डहाणूला काही तो रोज जाऊ शकत नाही. त्याला दुखवायचं नव्हतं मला. तरी तनू बोललीच. "पप्पा, गंगा थांबते का तुमच्यासाठी? आईच्या निम्म्या अस्थी गेल्याच की वाहून."

दादाने कप खाली ठेवला.

मग मी त्याला ते सांगितलं, जे तुम्ही मला एकट्याला म्हणाला होतात. शेवटच्या वेळी मी तुम्हाला माहेरी घेऊन गेलो होतो, तेव्हाचं. किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे पसरले होते. तुमच्या तळव्यांना चिकटले आणि तुम्ही वाळूत बसून रॉकेलच्या चिंधीने पाय पुसत होतात. मी म्हणालो, वहिनी, किती वाईट झालंय हो इथे, आता नका येत जाऊ. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आई आजारी पडली की माहेरी जायचं बंद करतात का भाऊजी?"

दादा ऐकत होता. डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "हे मला कधी बोलली नाही," एवढंच म्हणाला. मला अपराध्यासारखं झालं. तुमचं हे वाक्य माझ्यापाशी होतं आणि नवऱ्यापाशी नव्हतं. ते आज सांगितलं, ते त्याचं मन मोकळं व्हावं म्हणून की वाद जिंकावा म्हणून? खरं सांगू? दोन्ही.

दादाने खुर्ची मागे सारली. मग उठला, फांदीवरची गाठ सोडायला लागला. त्याच्याच हातची गाठ, सुटेना! तनूने कात्री आणून दिली, तर म्हणाला, "नको, राहू दे." नखांनी सोडवत बसला. शेवटी गाठोडं मांडीवर घेऊन म्हणाला, "श्री, पाणी उतरतं कधी रे तिथलं?"

"मला काय माहीत?"

"एवढी वर्तमानपत्रं वाचतोस आणि हे माहीत नाही? नाशिककरच तू!"

तनू हसली. दादाही हसला, थोडासा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनी, समुद्र स्वच्छ करीन असं वचन मी तुम्हाला देणार नाही. ते खोटं ठरेल आणि खोटं तुम्हाला लगेच ओळखू यायचं. मी एवढंच वचन देतो: अमावास्येला तुम्ही रामकुंडात नाही, तुमच्या माहेरी असाल. हार नाही, उदबत्तीचा पुडा नाही, पिशवी तर नाहीच. फडकंसुद्धा सोडून परत आणू. पाणी मागे फिरेपर्यंत दादाजवळ उभा राहीन. आणि ते तुम्हाला घेऊन निघालं की आम्ही पाठ फिरवणार नाही, बघत राहू. तिथे तुम्हाला काय काय भेटेल, याची मला काळजी वाटते. वाटत राहील.

तुमचा धाकटा दीर,
श्रीकांत

उद्या : दत्तूला फोन करून रविवारच्या ओहोटीची वेळ विचारणे.