तिसऱ्या ओळीतला श्वास

सोमवार, ३ मार्च

"स्वर बरोबर आहेत, पण ट्रम्पेट गात नाहीये." सगळ्यांसमोर! आमच्या वाद्यवृंदाच्या संचालकांना हेडमास्तर म्हणतात ते उगाच नाही, छडी तर हातात असतेच. संथ भागातली एकल धून माझी आहे. रंगीत तालमीपर्यंत ती गायला लागली नाही तर दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला देणार. तो लगेच नम्रपणे बुटांकडे बघायला लागला. मेला.

घरी येऊन ताईपाशी कुरकुर केली. "नुसतं पितळ वाजवतेस तू," म्हणाली. "आधी गळ्यातून काढ, मग ओठांवर आण."

म्हणजे लहानपणचीच पद्धत. ती शाळेत गाणं शिकवते, तिच्याहून चांगला गुरू मला कुठला मिळणार? ती खिडकीकडे तोंड करून गाणार, मी मागे उभी. ती जिथं श्वास घेईल तिथं मी घ्यायचा, आणि कागदावर पेन्सिलीनं स्वल्पविराम करायचा.

बुधवार, ५ मार्च

तिसरी ओळ लांबलचक आहे. अशा ओळी ताई एका दमात म्हणते. आज मध्येच तोडली, बोलता बोलता काहीतरी आठवून थांबावं तशी. काय जागा काढली! मला जन्मात सुचली नसती.

"मुद्दाम थांबलीस?"

"हो... तिथं थांबावंसं वाटलं," म्हणाली, आणि खुर्चीत बसली.

शुक्रवार, ७ मार्च

हेडमास्तरांचा हात हवेतच राहिला. मग हळूच, "पुन्हा." मी पुन्हा वाजवलं. "आता गातंय," म्हणाले. दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं!

रविवार, ९ मार्च

त्याच ओळीत ताईनं आणखी एक श्वास घातला. शेवटचा स्वरही धरून ठेवत नाही, सोडूनच देते. मला हे जड जातं. छातीत हवा भरलेली असताना ती संपल्यासारखं वाजवायचं! दुपारभर घासलं तेव्हा जमलं.

आता ती बसूनच गाते. संध्याकाळी जिन्यात उभी दिसली. म्हणे, शेजारणीच्या कुंड्या बघत होते. शेजारीण कुंड्या घेऊन केव्हाच राहायला गेली दुसरीकडे. माझ्यावर काही राग धरलाय का? विचारलं तर हसण्यावारी नेलं.

बुधवार, १२ मार्च

ताईला आज गायचं नव्हतं. मीच मागे लागले. एकदाच म्हण, म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च

तालमीत व्हायोलिनवाल्या बाई डोळे पुसत होत्या. "कुठून आणतेस गं हे?" मी नुसती हसले. ताईचं नाव सांगायला हवं होतं. पण कौतुक कुणाला नको असतं?

वरच्या स्वराआधी ताई आता छोटीशी धाप टाकते, झोपलेलं माणूस दचकून उठून बसावं तशी. तीही उचलली. वाजवताना मला भीती वाटते, खरंच वाटते. बंद दारापलीकडे कुणीतरी आहे आणि दार उघडायचं माझ्या मनात येत नाही, असं काहीतरी. ताईला सांगितलं. ती हसली, आणि हसता हसता खोकतच राहिली. "शाळेत ओरडून ओरडून घसा बसलाय गं."

उद्या तिला गरम पाणी करून द्यायचं. रंगीत तालमीला मात्र यायलाच हवं म्हटलंय, पहिल्या रांगेत.

सोमवार, १७ मार्च

फुंकून वाजवणाऱ्यांच्या छात्या तपासायला दरवर्षी रंगीत तालमीला डॉक्टर येतात. माझी धून संपली तसे ते बाकीच्यांना सोडून तडक माझ्याकडे आले. पाठीला नळी लावली. श्वास घ्या. सोडा. परत घ्या.

"छाती ठणठणीत आहे तुमची," म्हणाले. पण कपाळावरची आठी गेली नाही. "मग तिसऱ्या ओळीतला तो श्वास कुठला? तसा श्वास रोज ऐकतो मी. छातीत पाणी झालेल्या माणसाचा असतो तो. कुणाचा उचललात?"

दोन आठवडे मी तिचं दुखणं पाठ करत होते.

पहिल्या रांगेत ताई टाळ्या वाजवायला उठली, आणि खुर्चीचा हात धरून परत बसली. मी काही सांगायच्या आधीच डॉक्टर तिच्याकडे निघाले होते.