अक्काच्या फोनमधला हिरामण

रोहा, ४ ऑगस्ट १९८६

चि. दत्तूस गुणाजीमामाचे आशीर्वाद. बडोद्याची हवा तुला मानवत असेलच. चार महिने पत्र नाही म्हणजे प्रकृती ठणठणीत, असं आम्ही धरून चाललोय. इकडे तुझी आई, आमची अक्का, गुडघे सोडून बरी आहे.

पत्रास कारण चंद्रावतीबाईंची तक्रार. त्या नदीपलीकडे अष्टमी गावात, अक्काच्या मागच्या आळीत राहतात. त्यांचा हिरामण हमरापुरात गणपती रंगवतो आणि दर रविवारी संध्याकाळी मालकाच्या फोनवरून आईशी बोलतो. तर मधेच म्हणे तिसरीच बाई बोलते! (कोण, हे मी न ऐकताच सांगितलं असतं.) पोर खोकलं की आपली अक्का सुरू, "ओवा चाव रे, नाकाला फडकं बांध. रंगाची धूळ वाईट हाय." आणि तोही निमूट "व्हय मावशी" म्हणायचा.

तक्रार आली म्हणून आमचे साहेब डाफरले. सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली मी, मला काय शिकवणार! रिलेचे कॉन्टॅक्ट घासले, कॉइलच्या तारा बोलण्याच्या तारांपासून लांब बांधल्या, अर्थिंग तपासलं, शेवटी नारळही फोडला (पाणी साहेबांच्या टेबलावर उडालं, ते असो). आवाज हटेना. मग खांबावर चढून डबी उघडली. एका फोनच्या दोन तारांना एकमेकींचा पीळ हवा, म्हणजे शेजारचं बोलणं आत शिरत नाही. इथे अक्काची तार चंद्रावतीबाईंच्या तारेशी पिळलेली! कुणा गाढवाचं काम म्हणून रजिस्टर पाहिलं, तर सही माझीच. (घाई तुझी होती. "मामा, आईशी रोज बोलता येईल," म्हणून तूच पाठीस लागला होतास.)

तारा नीट जुळवल्या. काल रविवारी मोठ्या तोऱ्यात अक्काकडे गेलो. ती रिसीव्हर कानाला लावून बसलेली. म्हणाली, "गुणाजी, फोन बिघडला रे. पोर बोलतच नाय." मी म्हटलं, अक्का, बिघडला नाही, दुरुस्त झालाय. तिने रिसीव्हर पदराने पुसून ठेवला आणि चहा टाकायला गेली. दत्तू, मला फार वाईट वाटलं रे. चहात साखर घालायला विसरली, मीही तसाच प्यायलो.

तुझा,
गुणाजीमामा

ता. क. हे पत्र लिहिल्याचं अक्काला कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला ती फोनपाशीच असेल. तुझा फोन आला नाही, तर सोमवारी मी खांबावर चढून तारा पुन्हा होत्या तशा पिळणार. नोकरी गेली तर गेली. चंद्रावतीबाईंना विचारून ठेवलंय, त्यांची हरकत नाही. काल हिरामणाने त्यांना सगळ्यात आधी विचारलं म्हणे, "मावशी कुठं हाय?"