एकतीस नंबरची पट्टी

१० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिवणातली टाचणी तळपायात रुतली आणि ते तुला दोन दिवसांनी, चप्पल काढताना कळलं, हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मला हसू आलं नाही. साखरेनं तुझ्या पायांची जाणीव गेली आहे, ताई. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नकोस.

मी पंधरा वर्षं कसले खेकडे उकळतोय, असं विचारतेस. कोळंबीची नि खेकड्यांची टरफलं आधी आम्लात, मग अल्कलीत उकळली की पांढरा भुगा उरतो. त्यापासून कायटोसॅन करतात. त्याच्या पट्टीनं रक्त लवकर थांबतं, जखम चिघळत नाही, असं उंदरांवर दिसलंय. माणसांवर आता कुठे बघतोय.

पाकिटात घालून एक पट्टी पाठव म्हणालीस, ते मात्र जमणार नाही. तुमच्या रुग्णालयातही ही चाचणी सुरू होतेय, तिथे नाव दे. निम्म्या लोकांना माझी पट्टी मिळेल, निम्म्यांना साधी. दोन्ही दिसायला सारख्याच. कोणाला कुठली, ते नर्सलाही माहीत नसतं आणि मलाही. ते कागद तिसऱ्याच ऑफिसात, पाकिटांत बंद आहेत. तू माझी बहीण आहेस हे मी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला कळवलंय. तू फक्त नर्स विचारेल ते सगळं खरं सांग.

यायचं फार मनात आहे, पण सध्या इथून हलता येत नाही. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

चि. खेकड्यास,
अ. उ. आ.

पट्टी बांधली! माझा नंबर एकतीस. आणि मला तुझीच मिळाली आहे, पैजेवर सांगते. उघडल्याबरोबर समुद्राचा वास आला. लेक म्हणते की तो रुग्णालयाचा वास आहे. तिला काय कळतंय! तुला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, तुझ्या हातचं मला ओळखू येणार नाही होय?

नर्स गोड आहे, पण प्रश्न विचारून जीव खाते. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी ताप आला म्हटल्याबरोबर तिनं त्यांच्या कागदावर तांबडी खूण केली आणि डॉक्टरांनी त्यांची पट्टीच बंद केली. मी विचारलं, तर म्हणाली की अशा वेळी पट्टीचा गुण आला नाही असं धरतात. मला बाई धस्स झालं. पंधरा वर्षं तू खपायचंस आणि एका तापानं नापास व्हायचंस?

शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलंय. मशीन डाव्या पायानं चालवते, उजव्या पायाला सुट्टी. वेळेवर जेवत जा. मला विसरलास तरी चालेल, जेवायला विसरू नकोस.

तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, नंबर मला कळवायचा नसतो! समितीला सांगावं लागलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. पुन्हा असं करू नकोस. आणि तुझ्या माहितीसाठी, माझ्या पट्टीला समुद्राचा वास येत नाही.

जखमेबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. घाईत आहे, एवढ्यावरच भागवून घे.

तुझा भाऊ


२८ फेब्रुवारी

चि. खेकड्यास,
अ. उ. आ.

जखम छान भरतेय. वरून कातडं धरलंय, नर्स खूश आहे. माझ्या कागदावर एकही तांबडी खूण नाही! अंग जरा कसकसतं, पण हवाच तशी आहे. तू निर्धास्त राहा आणि आमच्यावर माया ठेव.

तुझी ताई


१९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईनं लिहू नको म्हणून शपथ घातली होती. ती मोडतेय. परवा तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. जीव वाचला.

वरून जखम बुजत होती आणि आत हाडापर्यंत पू झाला होता. सर्जन म्हणाले की तीन आठवडे आधी कळलं असतं, तर एका बोटावर निभावलं असतं. मामा, तिला महिनाभर ताप येत होता. रुग्णालयात जायच्या दिवशी सकाळीच ती तापाची गोळी घ्यायची आणि नर्सला सगळं छान आहे म्हणून सांगायची. मी रागावले, तर म्हणाली की तांबडी खूण पडली तर माझ्या भावाची पट्टी नापास होईल.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं, मामाचं काही बिघडलं का. आता रोज विचारते, पट्टी कुठली होती. तुझीच होती असं लिही, मामा. खरं असो नसो, तिला तेवढाच आधार.

तुझी भाची


३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस पेन उचलतो आणि ठेवतो. तुला बरं वाटेल असं लिही, असं सगळे सांगतात. मला ते जमत नाही.

पाय कापावा लागला म्हणून नियमाप्रमाणे तुझ्या नंबरचं पाकीट उघडलं. पट्टी साधी होती, ताई. महिनाभर तू जिची अब्रू राखलीस, ती माझी नव्हतीच. आणि माझी असती, तरी एका माणसाच्या तापानं ती नापास झाली नसती. शेकडो जणांचं मिळून ठरतं ते. हे तुला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. मी टरफलं कशी उकळतात ते सांगत बसलो. पुढे तू तर स्पष्ट लिहिलं होतंस, एका तापानं नापास व्हायचंस का म्हणून. मी ते वाचलं आणि नंबरावरून तुझ्यावर चिडलो. हे मला जन्मभर सलेल.

पंधरा तारखेला येतोय. आता काही झालं तरी येतोय. क्षमा कर म्हणायचीही लाज वाटते.

तुझा भाऊ


८ एप्रिल

चि. खेकड्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आधी तुझा राग आला. खोटं लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं? मग रडले. पाय गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हा मनाशी म्हणायचे, गेला तर गेला, निदान माझ्या भावाच्या कामी आला. आता काय म्हणू?

नर्सला बोलावून सगळे ताप आठवतील तसे सांगितले. तिनं कागदावर तांबड्या खुणा केल्या आणि मग डोळे पुसत बाहेर गेली. तिचा काही दोष नाही, तसं तुझ्या समितीला कळव.

मनाला लावून घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण खोटं मीही लिहिणार नाही. तुला कळायला हवं होतं रे. आणि मी बोलायला हवं होतं. मी तुला जपत बसले, तू चाचणीला जपत बसलास, पायाकडे कोणीच पाहिलं नाही.

पंधराला येऊ नकोस. ये म्हणायला जीव तुटतो, पण थोडे दिवस जाऊ देत. तू समोर आलास, तुझं उतरलेलं तोंड बघितलं, की मी लगेच बरी आहे म्हणेन. मला मी ओळखते. आणि मी बरी नाही रे. एवढं एकदा मला पुरतं म्हणून घेऊ दे.

लोभ आहे. तो मागत जाऊ नकोस.

तुझी ताई