पसंतीचं गठुडं

१२ फेब्रुवारी
...आणि तेच म्हणून राह्यले मी, की ऑनलाइन पेमेंटवाल्यांची फी वाढली तर वाढली, त्याचं एवढं न्हाई. खरी गोष्ट मेलच्या खाली बारीक अक्षरात हाय. पेमेंटवाले म्हणतात, एक मार्चपासून गिऱ्हाइकाला रिफंड दिला तरी त्यांनी कापलेली फी आपल्याला परत न्हाई. आणि रिफंड जास्त दिसले तर अकाउंटच बंद.
सेलर्सच्या ग्रुपवर सकाळपासून आग. लोणच्यावाली ताई: "मी तर लिहूनच टाकलं, माल परत घेणार न्हाई." एकजण: "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागा." मी लिहिलं, घाबरायचं काम न्हाई, आपल्या साड्या चांगल्या हायेत. लई शहाणी मी.

१३ फेब्रुवारी
डॅशबोर्ड उघडला. दोन वर्षं झाली साड्यांचं पेज सुरू करून, मी नुसता सेलच बघत होते. आज पहिल्यांदा रिफंड बघितले.
जवळपास दर ऑर्डरमधे दोन साड्या. त्यातली एक परत. तक्रार एक पण न्हाई. उलट लोक लिहून राह्यले, कापड मस्त, रंग फोटोसारखाच बराबर. मंग परत का करून राह्यले?
प.ना, म्हणजे पप्पांना, विचारलं. "होतं असं कधी कधी," म्हणे, आणि थान गुंडाळत बसले.

१५ फेब्रुवारी
सापडलं. पप्पाच.
पेजवर आमच्या जुन्या जालन्यातल्या दुकानाचा नंबर हाय, लोक ऑर्डरच्या आधी फोन करतात. आज मी गादीवर बाजूलाच बसले होते. प. फोनवर: "ताई, एक कुठं मागवता, दोन मागवा. घरी उजेडात बघा, सगळ्यांना दाखवा. न्हाई आवडली ती पाठवून द्या. पैसे परत येतात, आमची मुलगी करती सगळं."
फोन ठेवल्यावर मी: "पप्पा, असं न्हाई सांगायचं."
"का?"
"सिस्टीमला वाटतं आपला माल खराब हाय."
"सिस्टीम साडी नेसती का?"
"पप्पा, सीरियस हाय हे."
"अगं, एकच साडी समोर ठेवली तर बाई पसंत कशी करंल? ती तर घ्यावीच लागती मंग."


१६ फेब्रुवारी
कालपासून गठुडी आठवून राह्यली.
लग्न निघालं की घरातल्या बायका दुकानात कमीच यायच्या. प.च पांढऱ्या चादरीत साड्या बांधून द्यायचे. पसंतीला, घरी बघून निवडायला. पैसे न्हाई, चिठ्ठी न्हाई. कधी कधी स्वतः नेऊन द्यायचे आणि सुट्टी असली की मी स्कूटरवर मागं, मांडीवर गठुडं. अंबडच्या पुढं मला हमखास झोप यायची, गाल त्याच्यावरच. नव्या कपड्याचा तो वास, खळ आणि थोडं रॉकेलसारखं. आता आमच्या प्लास्टिकच्या पाकिटाला कसलाच वास न्हाई.
वडीगोद्रीला सुमनकाकू. शाळेत बाई होत्या. त्या साडी खांद्यावर टाकायच्या आणि सरळ दारात जायच्या, उन्हात. बाकीच्या बायका आतून बोलायच्या, "ही तर मास्तरीणबाईची झाली." "ही नको, हिच्यात तू कंदील दिसती." मी चिवडा खात बघायची.
आठ दिवसांनी गठुडं परत. घड्या आमच्यापेक्षा चांगल्या. एकदा एक साडी जास्तच आली, त्यांच्या घरातलीच, चुकून बांधली गेल्ती. प. दुसऱ्या दिवशी ती द्यायला परत वडीगोद्रीला गेल्ते.
दुकानाच्या पिशवीवर तेव्हापासून छापलेलं हाय, "पसंत नसल्यास परत". पेज काढलं तेव्हा प.ची एकच अट होती, ही ओळ सगळ्यात वर.

१९ फेब्रुवारी
पेमेंटवाल्यांकडून मेल. अकाउंट 'तपासणीखाली'. अजून रिफंड दिसले तर बंद करू. एवढ्या रिफंडचं कारण निवडून पाठवा. यादीत: माल खराब. चुकीचा माल. पार्सल हरवलं. फसवणूक. इतर.
'इतर' दाबलं, तर छोटा चौकोन आला, इंग्लिशमधे लिहा. पहिलीपासून इंग्लिश मीडियम, निबंधात बक्षीस. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. वाचलं की असं वाटायचं, आम्हीच गिऱ्हाइकाला रिफंड घ्यायला शिकवून राह्यलो.
तसं ते खरंच हाय.

२१ फेब्रुवारी
पुण्याहून विद्याताईचा फोन, सुमनकाकूची मुलगी. काकूंना साडी द्यायची. "गुडघ्यामुळं आई आता बाहेर पडत न्हाई. दोन पाठव गं, एक ठेवंल ती." दोन्हीचे पैसे लगेच टाकते म्हणे.
मी म्हटलं, थांब ताई, आत्ता टाकू नको.
आता? दोन पाठवाव्या तर एक रिफंड. एक पाठवावी तर सुमनकाकूंना एक साडी कोण पाठवणार? आपण?
प. म्हणे, "स्कूटर काढ."

२३ फेब्रुवारी
वडीगोद्रीला जाऊन आलो. मी चालवली, प. मागं, मांडीवर चादरीचं गठुडं. दोन म्हणता म्हणता पाच साड्या बांधल्या त्यांनी. अंबडच्या पुढं मागून आवाज येईना. वळून बघितलं तर झोपलेले.
काकू: "ही ती, गठुड्यावर झोपणारी?"
"आता हे झोपतात," मी म्हटलं.
भिंतीला धरत धरत दारात गेल्या. साडी खांद्यावर. ऊन तेच. मला वाटलं जांभळी घेतील, त्यांनी मातकट घेतली. बाकीच्या चारची घडी स्वतः घातली, मला हात लावू दिला न्हाई. मंग विद्याताईला एकाच साडीची पैसे भरायची लिंक पाठवली. तिनं पैसे टाकले. रिफंड न्हाई, काही न्हाई.
परत येताना मी एकदम जोशात: "पप्पा, आयडिया. आधी साड्या पाठवायच्या, पसंत झाली की मंगच पैसे."
"ही आयडिया तुझी हाय का?"
वेशीपर्यंत हसत होते.

२६ फेब्रुवारी
पण काकू घरच्या. नागपूर, कोल्हापूरच्या लोकांचं काय? चेहरा माहीत न्हाई, त्यांना दोन साड्या बिनपैशाच्या पाठवायच्या? कुणी ठेवूनच घेतल्या तर दुकान किती दिवस चालंल?
प.: "सुमनताई पहिल्यांदा आल्या तेव्हा कोण ओळखत होतं? नवीन बदली होऊन आल्त्या. दिलंच ना गठुडं."
मी: "पप्पा, ते वडीगोद्री होतं. कुणाकडं गठुडं गेलं ते अख्ख्या गावाला माहीत असायचं."
प. म्हणे, "ते बी हाय." मंग पिशव्यांचा गठ्ठा सरळ करत, "पेज तुझं हाय, बेटा. तू ठरव. पिशवीवर मात्र राहू दे."
चिडले असते तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी
नवी रिफंड पॉलिसी आज भरायचीच, उद्यापासून नियम लागू. ग्रुपवर सगळ्यांनी 'रिटर्न बंद' टाकलं. लोणच्यावाली ताई म्हणे, "तू कशाची वाट बघून राह्यली?"
पेज उघडून ठेवलंय. "पसंत नसल्यास परत", त्याच्या बाजूला खोडायचं चिन्ह. प. समोर गिऱ्हाइकाला साड्या दाखवून राह्यले, पाचवी की सहावी, एका बाईला. ती दारात घेऊन गेली एक, उजेडात.
तुम्ही कधी हे वाचलं तर खरं सांगा. ज्याचा चेहरा बघितला न्हाई त्याच्या घरी तुम्ही दोन साड्या पैशाच्या आधी पाठवल्या असत्या, का ही ओळ खोडली असती?