तापाचे सहा दिवस

नोव्हाय, शुक्रवार, १४ मार्च १९८६

दीड महिना ही वही उघडलीच नाही. लिहिलं की आई गेली हे खरं होईल, असं वाटत होतं.

आज ताईचं पत्र पुन्हा वाचलं. ती जर्मनीत नर्स आहे. आई सिरियस असल्याची तार मिळताच रजा टाकून ती नाशिकला पोचली, शेवटचे चार दिवस आईच्या उशाशी बसली. आणि मी इथे अमेरिकेत वेअरहाउसमध्ये खोकी उचलत होतो. सुपरवायझर म्हणाला, "जा की, पण परत येऊ नकोस. पहिल्या वर्षी सुटी नसते." लाथ मारायला हवी होती नोकरीला. एरवी किती सोडल्या! या वेळीच कुठून शहाणपण सुचलं?

ताई लिहिते, तेराव्यानंतर तिला सहा दिवस ताप होता. परत गेल्यावर डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, तर ते दिवस रजेतून कापलेच नाहीत. तिकडे कायदाच आहे म्हणे, आजारपण म्हणजे रजा नव्हे. कमाल आहे यार. इथे शिंकलो तरी पगार कापतात. मोजे ओले झालेत, हीटरवर टाकायला हवेत.

सहा दिवस परत मिळाले! मला आईजवळचा एक तरी...

पत्रात रागाचा शब्द नाही. फक्त, "आई तुझं नाव घेत होती." त्यापेक्षा शिव्या दे ना, ताई.

वरून घरमालकीण जोशीकाकू ओरडताहेत, "अरे, ये लवकर वर! दारात एक बाई बॅग घेऊन उभी आहे. म्हणते, सहा दिवसांची रजा आहे."