करपलेले चाप

प्रिय ठमे,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तू पाठवलेला एप्रन पोचला. रंग शोभिवंत, खिसा प्रशस्त, परंतु बंद! कुणाच्या कमरेचं माप गृहीत धरून ते शिवले आहेत? पाठीमागे त्यांची भेट व्हावी म्हणून मी श्वास रोखतो, गाठ बसते, आणि श्वास सोडला की सुटते. तुझी आई हा सोहळा पाहून म्हणाली, एप्रनला नावं ठेवू नका, आतला मजकूर वाढलाय. जन्मभर पोरांना संस्कृत शिकवलेल्या माणसाच्या पोटाला ती मजकूर म्हणते, आणि दाद मागायला घरात तिसरं माणूस नाही.

एप्रन कशाला हवाय, असं तू विचारलंस तेव्हा मी 'आहे गंमत' म्हणून टाळलं होतं. तर ऐक, तुझा बाप हल्ली दर रविवारी मटण रांधतो. हस नंतर. ऑपरेशनपासून आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, जड पातेलं उचलवत नाही, हे तुला माहीतच आहे. पण मधले कितीतरी महिने आम्ही रविवारी बाहेरून मागवत होतो आणि तिची काही हरकत नव्हती. मागच्या तपासणीहून आलो, आणि त्याच रविवारी तिने उंच स्टूल स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं, त्यावर बसली आणि मला म्हणाली, चला, मास्तर, आज तुमची शाळा.

पहिल्याच दिवशी खाटकाकडे माझी शोभा झाली. अर्धा किलो द्या म्हटलं. त्याने विचारलं, कुठलं? मी म्हटलं, बकऱ्याचं. रांगेतल्या बाया डोळे पुसेपर्यंत हसल्या. पण खरं सांगू, मला तो प्रश्नच उमजला नाही, कारण माझ्यापुरतं मटण ही एकच वस्तू होती. ती ताटात येई. मान, खांदा, छातीचा सीना, बरगडीचे चाप, नळी, मांडी, प्रत्येकाची जात वेगळी आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, हे इतकी वर्षं जेवूनही मला ठाऊक नव्हतं. त्या सगळ्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसलेला असे. आतून वास येई. 'झालं का गं?' एवढंच मी विचारत असे. कसं झालं, कधी विचारलं नाही.

आता विचारतो, तर उत्तरं अशी. खांद्याचं मटण किती वेळ शिजवायचं? म्हणते, शिजेपर्यंत. मी सांगितलं की उत्तराने स्वतःचाच आधार घेतला की न्यायशास्त्रात त्याला आत्माश्रय दोष म्हणतात. ती म्हणाली, तो दोष ठेवा बाजूला आणि फोड बोटाने दाबून बघा. दाबली. बोट भाजलं. पण हाडापासून मांस कसं आपणहून सुटतं ते कळलं. खांद्याला मंद आच, झाकणावर पाणी आणि धीर लागतो. कलेजीला धीर चालत नाही, जरा रेंगाळलात की तिचं रबर होतं. खिम्याचं पाणी आटलं की कढईतला आवाज बदलतो, तो ऐकायचा. ती स्टुलावर डोळे मिटून बसते आणि दारातून सांगते, आता हलवा. दर वेळी बरोबर असते.

मानेची गोष्ट तर सांगायलाच हवी. तुला आठवतं, आई नेहमी मानेचे तुकडे स्वतःच्या ताटात घ्यायची आणि चाप आपल्याला वाढायची? या वयात मला एकाएकी साक्षात्कार झाला की बिचारीने जन्मभर त्याग केला. एका रविवारी मी सगळे चाप तिच्या ताटात वाढले आणि गहिवरून चार वाक्यंही बोललो. तिने शांतपणे चाप माझ्या ताटात परत टाकले. म्हणाली, अहो, मला मानच आवडते. हाडाच्या सांध्यातलं मांस गोड लागतं. इतकी वर्षं सांगतेय ते तुम्हाला खोटं वाटत होतं होय? ठमे, त्यागाचं मी समजू शकलो असतो. पण एक माणूस इतकी वर्षं आपली आवड मोकळेपणाने सांगत होतं आणि मी ते ऐकलंच नाही, हे त्या दिवसापासून घशाखाली उतरत नाही.

गेले तीन रविवार चाप चालू आहेत. तवा कडक तापवायचा, चाप ठेवायचे, बाजू सुटेपर्यंत हात लावायचा नाही, एकदाच उलटायचे. सगळ्यात सोपा धडा. आणि तिन्ही रविवारी मी ते करपवले. पहिल्यांदा चुकून. नंतरच्या दोन्ही वेळा मुद्दाम, तव्यासमोर उभा राहून, धूर येईपर्यंत. काल तिने करपलेला तुकडा काट्याने उलटा केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, नापास होऊन पुढचा वर्ग चुकवता येत नाही, मास्तर. पुढच्या रविवारी अख्खी मांडी आणा. ती आली की तुम्हाला सगळं आलं.

मी शिक्षक आहे गं. आजारी गुरुजी वर्षाच्या मध्यावर घाईने सगळा भाग का संपवतात, मला कळतं. त्या तपासणीच्या दिवशी मी खाली औषधांच्या खिडकीशी उभा होतो. वर आलो तेव्हा ती डॉक्टरांच्या खोलीतून एकटी बाहेर येत होती. रिपोर्ट चांगले आहेत, म्हणाली. तुलाही तिने फोनवर तेच सांगितलं. मी तो कागद मागितला नाही. तिने दाखवला नाही. त्याच रविवारी तिने स्टूल ओढलं. तेव्हापासून आम्ही मिठाबद्दल, आचेबद्दल, हाडांबद्दल बोलतो, आणि विचारायचं ते सोडून बाकी सगळं विचारायला मी शिकलो आहे. तिला विचारण्याचं धैर्य मला होत नाही, म्हणून तुला लिहितो आहे. रविवारच्या आत ये. ती मला एकट्याने जेवायला शिकवते आहे, असं मला वाटतं, आणि मला फार भीती वाटते.

तुझाच,
बाबा